अण्णांच्या गाडीचा मागचा दिवा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही, आणि जिच्यापाशी माझ्या पोटात काही राहत नाही त्या धाकट्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. असो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कल्याणात डॉक्टर. स्वातंत्र्यानंतर तीनचार वर्षांनी त्यांनी एक जुनी काळी विलायती गाडी घेतली, आणि घेतली ती बिघडलेलीच. तेव्हाच्या गाड्यांना वळताना दाराजवळच्या फटीतून पिवळ्या दिव्याचा वीतभर हात बाहेर यायचा. आमच्या गाडीचा उजवा हात आतच अडकलेला. आणि ब्रेक दाबला की मागे जो तांबडा दिवा लागायला हवा, तो लागत नव्हता.

ते बघायला जनार्दन आला. कोनगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. ठाण्याच्या एका गॅरेजात वायरिंग शिकलेला. सुट्टी रविवारी, म्हणून यायचा रविवारीच. अण्णांनी त्याला शब्द दिला होता — काम नीट केलंस तर घराखालचा रस्त्यावरचा गाळा तुझा, स्वतःचं दुकान टाक. त्याला दुसऱ्याच्या हाताखाली राहायचं नव्हतं. हे तो अण्णांना सांगायचा आणि मी दाराआडून ऐकायचे.

मी एकोणीस वर्षांची. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. आणि मला हे काय झालं होतं? देखणा नव्हता हो तो, दात पुढे होते. पण काम करताना तारांशी हळू आवाजात बोलायचा — ‘कुठं अडलीस गं बाय?’ — आणि मला वाटायचं, माझ्याशी असं कधी कुणी बोललंय का?

पहिल्या रविवारी त्याने तो हात सोडवला. आत गंज होता. घासला, तेलाचा थेंब सोडला, हात टक्कन बाहेर. मी म्हटलं, आला. तिथे खोटं बोलायची सोयच नव्हती, त्यालाही दिसत होतं. मग मागचा दिवा. बल्ब बदलला, फ्यूज पाहिला, शेवटी दिव्याच्या बुडाचा गंज खरवडला. आता हा दिवा तपासायला दोन माणसं लागतात — एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. आतल्याला काही दिसत नाही. अण्णा पेशंट बघत होते. त्याने मला विचारलं, ताई, जरा मागे उभ्या राहता का?

ताई म्हणायचा तो मला. जळ्ळं मेलं ते ताई!

त्याने पेडल दाबलं. गाडी पडवीच्या सावलीत होती, दिवा स्वच्छ लागला. लालभडक.

आणि मी म्हटलं, "नाही लागला."

का? लागला म्हटलं असतं तर हत्यारं गोळा करून तो गेला असता. एवढंच. दुसरं काही नाही — खरंच नाही.

तो पुन्हा गाडीखाली शिरला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. पेडलखालचं बटण बदललं, पुढून मागेपर्यंत अख्खी वायर नवी ओढली. बोटं सोलवटली त्याची. दर वेळी विचारायचा, दर वेळी मी नाही म्हणायचे, आणि आलं घालून चहा करायचे. त्याला माझा संशय आला का? छे! तो स्वतःवरच संशय घ्यायला लागला. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून कपाळावर हात मारायचा. ते बघवत नव्हतं मला. आणि तरी सांगते — त्या दोन रविवारांइतकी सुखात मी पुढे कधीच नव्हते. मधले सहा दिवस नुसती वाट बघायचे.

तिसऱ्या रविवारी त्याने घरून लाकडाचा एक दांडका आणला. पेडल आणि सीट यांच्यात तो ठोकून बसवला, आणि स्वतः मागे आला. माझ्या शेजारी उभा राहिला. इतका जवळ कधीच आला नव्हता.

दिवा लागलेला होता.

त्याने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढ्यात अण्णा ओटीवर आले आणि विचारलं, काय रे, शेवटी काय निघालं? तो एका वाक्यात मोकळा झाला असता. मीही झाले असते. पण लग्नाच्या मुलीचं नाव जाईल, हे त्याला कळत होतं. आणि त्याला ते कळतंय, हे मला कळत होतं. म्हणून तर मी गप्प राहिले ना!

"चूक माझीच, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "वायर सैल राहिली होती माझ्याकडून."

एका दिव्याला ज्याला तीन रविवार लागतात तो दुकान काय चालवणार, असं अण्णा म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. गाळा त्यांनी पिठाच्या गिरणीला दिला. गावातल्या गाडीवाल्यांनाही सांगितलं, त्याच्याकडे जाऊ नका; आणि डॉक्टरांचा शब्द कोण मोडणार? जनार्दन ठाण्याला, त्या दुसऱ्याच्याच हाताखाली राहिला.

पुढे लग्न होऊन मीही ठाण्यालाच गेले. भाजीला निघाले की दिसेल त्या गॅरेजात डोकावायचे. दिसला असता तर काय बोलले असते? कुणास ठाऊक. दिसलाच नाही. पण डोकावायची सवय काही गेली नाही.

सात वर्षांनी अण्णा आजारी पडले, तेव्हा मी माहेरी येऊन त्यांच्या उशाशी होते. एका सकाळी कुणाच्या तरी गाडीवरून विषय निघाला. म्हणाले, "तो कोनगावचा पोरगा आठवतो? हुशार वाटायचा. पण धांदरट निघाला."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पेजेचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.

"हो अण्णा," मी म्हटलं. "धांदरटच."