पुस्तकापलीकडची तुळसा

डोमाच्या घरी जेवायला उशीर झालेला चाले, वाचनाला झालेला चालत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबून आला की हातपाय धुवायचे, सपरीत, म्हणजे ओसरीवर, पाट मांडायचा आणि त्यावर पुस्तक उघडायचं, हा त्याचा नेम. दर दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर जाई आणि येताना एक पुस्तक घेऊन येई. सारी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. शहापूरच्या आसपास डोमासारखा वाचणारा नाही, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

तो मोठ्यानं वाचे. मुलगा तेजराम त्याच्या बाजूला बसून ओळींवरून बोट फिरवी. बायको बायजाबाई आणि मुलगी तुळसा पाटाच्या पलीकडं बसत, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात तेंदूचं पान. बिड्या वळता वळता दोघी ऐकत. कंदील मध्ये, पुस्तकाचं तोंड डोमाकडं. तेजराम शाळेत जाई, तुळसेला कधी घातलंच नाही. दोघी मिळून वळायच्या तेव्हा कुठं ठेकेदाराचा माल पुरा होई. समतेचं पान आलं की डोमा ते दोनदा वाची, आणि समोरच्या पोरीची बोटं तंबाखूनं पिवळी पडली आहेत हे त्याला दिसत नसे. डोळे तेव्हा चांगले धडधाकट होते, तरी दिसत नसे.

तुळसा मात्र बघत होती. बाप म्हणे ते शब्द आणि तेजरामच्या बोटाखालची अक्षरं यांची जोडी ती मनात लावत गेली. दोनतीन पावसाळ्यांत ती वाचायला लागली. एका दुपारी घरी कुणी नाही पाहून तिनं पेटीतलं पुस्तक काढलं, बापासारखं सरळ धरलं, तर एक अक्षर ओळखू येईना. ती घाबरली. मग तिनं ते फिरवलं, डोकं खाली पाय वर, तसं केल्याबरोबर सगळं नीट वाचता आलं. पलीकडून बघून शिकलेली पोर, तिला अक्षरं उलटीच ओळखीची झाली होती.

तिनं मायला सांगितलं. बायजाबाई म्हणाली, "बापाले बोलू नोको. उद्या बिड्या कमी भरल्या तं म्हनंल, पोरगी पुस्तकात डोकं घालून राहिली."

तुळसेनं मायचं ऐकलं. पण एकदा तरी बापानं आपल्याला वाचताना ऐकावं, ही हौस तिच्या मनातून गेली नाही. दुसरं काही तिनं त्या घराकडून मागितलंही नाही.

पुढं तिचं लग्न लाखांदूरकडं कवडूशी झालं. त्या घरात छापलेला कागद म्हणजे पुड्या बांधायचा. कवडू काविळीनं गेला आणि सासरच्यांनी तिला एसटीत बसवून दिलं. ती परत आली तोवर बायजाबाई खोकून खोकून गेली होती, तेजराम तुमसरला नोकरीला लागला होता, आणि डोमाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दवाखान्यात सांगितलं, आता उपाय नाही.

तरी पाट मांडला जाई. डोमा पुस्तक उघडून त्यावर नुसता हात फिरवत बसे. तेजराम दिवाळीला आला की दोन पानं वाची आणि घड्याळ बघे. तो तुमसरला परतल्यावर एका संध्याकाळी तुळसा सूप घेऊन आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि समोरचं पान वाचायला लागली.

डोमा दचकला. "पाठ केलं का व?"

"नाही बाबा. कुठलंबी पान काढा."

त्यानं चाचपडत मधलं काढलं. तिनं वाचलं. अजून एक काढलं. तेही वाचलं.

"तुले कोनं शिकवलं?"

"तुमीच."

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. तुळसेला एवढं सुख कधी मिळालं नव्हतं. महिनोन् महिने तिनं त्याला वाचून दाखवलं, आणि पुस्तक कसं ठेवलंय हे तिनं सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होई. इतकी वर्षं तो मान डोमाचा. त्या साली तो काठी टेकत गेला आणि सगळ्यांपुढं म्हणाला, "यंदा माही तुळसा वाचंल." तिला नाही म्हणवलं नाही. ती चौरंगासमोर बसली आणि तिनं ग्रंथ फिरवून ठेवला. आधी बाया हसल्या, मग गडी. शाळामास्तर टेकचंद उठले. मनानं चांगला माणूस. त्यांनी ग्रंथ सरळ करून दिला आणि म्हणाले, "हं, वाच बेटा."

तुळसेला एक ओळ जमली नाही. ती अडखळली, थांबली, पुन्हा अडखळली. हसणं वाढलं. डोमाला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

घरी येऊन तो म्हणाला, "मले आंधळ्याले फसवत होती तू?"

"नाही जी बाबा. पुस्तकाचं तोंड तुमच्याकडं राहे. मी समोर बसो. मले तसंच येते."

त्या दिवसापासून पाट मांडणं बंद झालं. तुळसेला वाटलं, बाप रागावला. रागच असता तर बरं झालं असतं.

थंडीत त्यानं अंथरूण धरलं. एका दुपारी त्यानं शेवटच्या दसऱ्याला आणलेलं, डोळे गेल्यामुळं तसंच राहिलेलं पुस्तक मागितलं. पुठ्ठ्याच्या वरच्या अंगाला खुणेची फीत शिवलेली होती. ती चाचपून त्यानं पुस्तक आपल्या हातानं फिरवलं, सरळ केलं आणि उघडून तिच्यापुढं ठेवलं.

"आता तुह्याकडं तोंड केलं, बाई. जल्मभर तुले उलट्या अंगानं बसवलं. आता सरळ वाच."

पानावर त्याचा हात तसाच होता. हात बाजूला करा, मला फिरवू द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्याकडं वळवलं होतं. तिच्यानं ते परत वळवेना. मग तिनं लहानपणी ऐकून पाठ झालेलं जुनं पान म्हणायला सुरुवात केली.

डोमा थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे तं मीच वाचलेलं होय." आणि पानावरून बोटं फिरवत, "म्हंजे आता सरळ होत नाही."

त्यानं हात काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

तुळसेनं घाईघाईनं पुस्तक फिरवलं आणि नवं पान वाचायला घेतलं, मोठ्यानं, न अडखळता. ती वाचतच राहिली. पाणी देऊ का म्हणून मध्ये विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. कोणत्या ओळीपर्यंत बापानं ऐकलं, हे तिला कधीच कळलं नाही.