नाकमॅडम

आम्हाला फूड टेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या मॅडम कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी तिचा वास घ्यायच्या. भाजी, नवं पुस्तक, आमचे उघडलेले डबे, सगळंच. कॉलेजात त्यांना ‘नाकमॅडम’ म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं.

संत्र्यांचा हंगाम आला की बर्डीच्या बाजारातल्या ज्यूसवाल्यांकडून त्या स्कूटरवर सालींची पोती आणायच्या. मौद्याच्या राइस मिलमधून तांदळाची कणी यायची. कणीची खळ शिजवून, तिच्यात सालींचा अर्क घालून आम्ही काचेवर पातळ पापुद्रा वाळवायचो. त्यात गुंडाळलेल्या पनीरला लवकर बुरशी धरत नसे. मी एकदा सालींना कचरा म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, “कचरा नको म्हणू वं त्याले. त्याचं काम अजून बाकी आहे.”

मग त्यांना ताप आला. ताप साधाच, पण उतरताना वासच घेऊन गेला. घरातली फोडणीसुद्धा कळेना. बऱ्या होऊन आल्या त्या दिवशी अर्काची बाटली उघडून कितीतरी वेळ नाकाशी धरून बसल्या. शेवटी झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, “आता तू वास घेजो अन् मले सांगजो.”

थोड्याच दिवसांत एक डेअरीवाले आमचं पनीर बघायला आले. पापुद्रा सोडवला, आत पनीर पांढरंशुभ्र. ते खूश झाले. “मॅडम, पुढच्या महिन्यापासून सुरूच करून टाकू!”

मॅडमनी ताटली माझ्यापुढे सरकवली. पनीरला सालीचा कडवट वास लागला होता, अगदी पुसट. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. इतक्या वर्षांचं काम माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

“मॅडम, वास येतो.”

“कुठं येते?” डेअरीवाले हसले. “मले तर नाही आला.”

मॅडमनी मला पुन्हा विचारलं नाही. “पोरीले येऊन राहिला न? मंग नाही देत,” एवढंच बोलल्या.

अर्काचं प्रमाण जमलं, तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. मी पनीर घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. चव तरी कुठे धड कळत होती त्यांना! त्या माझ्याच चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली, तेव्हा कुठे हसल्या.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. मिहानमधल्या आमच्या पापुद्र्याच्या छोट्या युनिटात नव्या मुली नमुना घेऊन येतात. विचारतात, “ताई, चालेल का?” मी तो त्यांच्याच हाती परत देते. आधी तुम्ही सांगा, म्हणते. त्यांच्यातली एकजण जरी ‘नाही’ म्हणाली, तरी माल दाराबाहेर जात नाही.