धोंडू विठू, स्टोकर

चतुराबाई विधाते वारल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. १९९३ चा जानेवारी होता. नाशिकच्या गणेशवाडीतल्या बायकांनी सवाष्णीसाठी आणतात तशी हिरवी साडी आणली होती, ओटीचं सामान आणलं होतं. लेकीनं, लताबाईंनी, ते सगळं परत पाठवलं. "वडील जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "साधी साडी नेसवा." बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, पण कुणी वाद घातला नाही. लताबाई महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या. त्यांच्याशी कुणी सहसा वाद घालत नसे.

वडिलांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. धोंडीराम विधाते १९४२ च्या उन्हाळ्यात नौदलात भरती झाले तेव्हा लता आईच्या पोटात होती. घरची माळीकामाची दोन बिघे जमीन, तीही थोरल्या भावाच्या हाती, आणि युद्धाचे दिवस. दर महिन्याला त्यांच्या पगारातला हिस्सा मनिऑर्डरनं येई. १९४६ च्या फेब्रुवारीनंतर तो यायचा थांबला. पत्र नाही, तार नाही. बोट बुडाली असेल, असं गल्लीत ठरलं. तीन वर्षं वाट पाहून काकांनी गोदेच्या काठी दर्भाचा पुतळा जाळला, तेराव्याचं जेवण घातलं आणि जमीन आपल्या नावावर करून घेतली.

चतुराबाईंनी त्या दिवशीही कुंकू लावलं. "मला कुनी कागद दाखवला नाय," एवढंच त्या म्हणाल्या. पुढं सगळा जन्म त्यांनी पंचवटीत शेवंती आणि मोगरा विकला आणि लेकीला शिकवलं.

लताबाईंना हे कुंकू सोसवलं नाही. स्थळं येत. वडील काय करतात, असं विचारलं की काका सांगत, वारले. आणि आतून आई बाहेर येऊन सांगे, बोटीवर हायेत. पाहुणे चहा संपवून उठत. तिसरं स्थळ असं गेलं त्या दिवशी लताबाई आईला म्हणाल्या, "तुझ्या एका टिकलीपायी माझं आयुष्य थांबलंय."  त्यानंतर तीस वर्षं त्या दोघी दोन खोल्यांत राहिल्या. स्वयंपाक झाला, दूध आलं, दार लाव; बोलणं असायचं ते एवढंच.

आई गेल्यावर महिनाभरानं त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी एक फोटो होता. पांढऱ्या गणवेशातला सडपातळ माणूस, कान मोठे, अगदी लताबाईंसारखे. टोपीच्या पट्टीवर चारच इंग्रजी अक्षरं होती, जहाजाचं नाव नव्हतं. फोटोमागं मनिऑर्डरची एक पावती चिकटली होती. शाई विटली होती, पण पाठवणाऱ्याचा नौदलातला नंबर वाचता येत होता.

त्यांनी मुंबईला नाविकांच्या जुन्या दप्तराकडे अर्ज केला. हे आपण का करतोय ते त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मृत्यूचा दाखला मिळाला तर आपण आईला हिरवी साडी नाकारली ते बरोबर ठरेल, असं कुठंतरी मनात होतं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: विधाते नावाच्या नाविकाची नोंद आढळत नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. युद्धात समुद्रात गेलेल्यांच्या याद्या मिळतात असं कळल्यावर त्या सुट्टी काढून मुंबईला गेल्या, दिवसभर बसून नावांवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांतही विधाते नव्हते. अशी चार वर्षं गेली. शाळेतल्या बायकांना वाटे, या पेन्शनच्या मागे लागल्यात. लताबाईंनी तो समज दूर केला नाही.

१९९७ मध्ये त्यांची रंगनाथ आहेरांशी गाठ पडली. ते देवळालीच्या छावणीत कारकून होते, निवृत्त होऊन सातपूरला लेकाकडे राहत. त्यांनी पावती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली.

"बाई, तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"विठोबा."

"मग विधाते शोधूच नका. त्या काळी भरतीच्या टेबलावर आडनाव कोण विचारायचं? पोराचं नाव आणि बापाचं नाव, कारकुनाला ऐकू येईल तसं लिहायचे. आणि हा आकडा तुम्ही सात वाचलाय. तो एक आहे. जुने लोक एक असा काढायचे."

आहेरांनीच अर्ज लिहून दिला. या खेपेला सात महिने लागले, पण उत्तर आलं: धोंडू विठू, स्टोकर, राहणार नाशिक. समक्ष येऊन पाहावे.

मुंबईच्या त्या कचेरीत एका तरुण कारकून बाईंनी त्यांच्यापुढे पिवळी फाईल ठेवली. लताबाई शाळेतल्या मुलांसारख्या एकेका रकान्यावर पट्टी ठेवून वाचू लागल्या. उंची पाच फूट चार इंच. उजव्या भुवईवर व्रण. कराचीला शिक्षण. मग सुरुंग काढणाऱ्या एका छोट्या जहाजावर बॉयलरची भट्टी सांभाळण्याचं काम. १९४४ ते ४५, ब्रह्मदेशातला आराकानचा किनारा. मलेरियानं एकवीस दिवस इस्पितळात. वर्तणूक, उत्तम. पुढच्या वर्षीही उत्तम. इतकं वाचून होईपर्यंत त्यांना त्या माणसाचा थोडा अभिमान वाटू लागला होता. आता बोट कुठं बुडाली तेवढं कळायचं राहिलं होतं.

बोट बुडालीच नव्हती. शेवटची नोंद मार्च १९४६ ची होती: सेवेतून काढले. त्यांनी कारकून बाईंना अर्थ विचारला. मुंबई बंदरात त्या फेब्रुवारीत नाविकांनी संप केला होता, पुष्कळांना घरी पाठवलं, हे त्यातले असतील, असं त्यांनी समजावलं. खाली शेरा होता: नाशिक रोडपर्यंतचे रेल्वेचे तिकीट दिले.

फाईलच्या मागच्या बाजूला आणखी एक कागद टाचलेला होता. १९७४ चा. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी कुणी धोंडू विठू यांनी अर्ज केला आहे, त्यांच्या सेवेची खातरजमा करावी. सोबत अर्जाची नक्कल. पत्ता वेरावळ, गुजरात. पत्नी व मुले या रकान्यात दोन शब्द होते: कोणी नाही.

१९७४ साली लताबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. चतुराबाई रोज पहाटे उठून कुंकू लावत होत्या.

"बाई, पाणी हवंय का?" त्या मुलीनं विचारलं. लताबाईंनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या एकट्याच वेरावळला गेल्या. गाडी बदलत दीड दिवस लागला. वाटेत त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी आहेरांनाही सांगितला नव्हता. आई गेली त्या दिवशी हा माणूस जिवंत होता का?

पत्त्यावर मासळीच्या वासानं भरलेली एक चाळ होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना धोंडूभाई आठवत होते. तोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की ते बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर होते, कमी बोलत, स्वतःचं रांधून खात. कधी कुणी भेटायला आलं नाही. घरचं विचारलं की उठून जात. १९८९ च्या श्रावणात तापानं गेले. चाळीतल्या लोकांनीच अग्नी दिला. मग म्हाताऱ्या बाईंनी लताबाईंच्या कानांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम कौन लगती हो उनकी?"

"गाववाली," लताबाई म्हणाल्या.

श्रावण १९८९. म्हणजे आईच्या आधी साडेतीन वर्षं. साडी परत पाठवली ते रीतीनं बरोबरच होतं. त्या बंदराच्या कठड्यावर बसल्या आणि हे उत्तर मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. त्यानं काहीच हलकं झालं नाही. त्रेचाळीस वर्षं आईचं कुंकू खरं होतं, आणि ते खोटं म्हणणाऱ्यांत आपला आवाज सगळ्यांत मोठा होता, हेच राहून राहून समोर येत होतं. तिकीट हातात असून तो माणूस घरी का आला नाही? नोकरी गेल्याची लाज वाटली, की स्टेशनात उतरलाच नाही? याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि सापडलं तेवढं जिला सांगावं, ती उरली नव्हती.

नाशिकला येऊन त्यांनी काकांच्या मुलांना काही कळवलं नाही. फक्त आहेरांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "फाईल काढायला मी मदत करायला नको होती."

"तसं नाही," लताबाई म्हणाल्या. "आईनं कागद मागितला होता. कुणीतरी आणायलाच हवा होता."

२००० साली त्या निवृत्त झाल्या. आहेर तोवर वारले होते, पण त्यांच्या ओळखीनं लोक लताबाईंकडे यायला लागले. सिन्नरचे, देवळ्याचे, इगतपुरीचे. कुणाचा चुलता पलटणीत होता, कुणाचे आजोबा बोटीवर. लताबाई जुने आकडे वाचून देत, अर्ज लिहीत, आणि बापाचं नाव आधी विचारत. लिहायला बसण्याआधी मात्र प्रत्येकाला सांगत, "कागद आला की तो तुम्हाला हवं तेच सांगेल असं नाही. चालेल का?"

बहुतेक जण चालेल म्हणत. २००४ च्या हिवाळ्यात विंचूरहून एक म्हातारी नवऱ्याचा फोटो पदरात गुंडाळून आली होती. तिनं हा प्रश्न ऐकला.

"ऱ्हाऊ द्या मग, बाई," ती म्हणाली आणि फोटो पुन्हा गुंडाळला.

लताबाईंनी तिला चहा दिला. दोघींनी तो प्यायला. मग त्या तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या. विंचूरची गाडी येईपर्यंत, तासभर, तिच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या.