एवढं नाही, भाऊजी!

शकुनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेहऱ्यावरचा रंग पुसत होतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक करतो. हंगामभर गावोगाव मरतो आणि लोक टाळ्या वाजवतात. दादा, माझा मोठा भाऊ, एवढंच म्हणाला, ‘‘गेली रे...’’ महिना उलटून गेलाय. रंग उतरला, थकवा उतरत नाही.

दादाचं घर तिरोड्याला, शेती धानाची. वहिनीच्या स्तनातली गाठ कळली तोवर आजार हाडांपर्यंत गेला होता. नागपूरच्या एका हॉस्पिटलात तेव्हा एक चाचणी चालू होती: नेहमीच्या केमोच्या जोडीला अँटिबॉडीचं औषध सलाईनमधून द्यायचं आणि दोन्ही मिळून आजाराला किती रोखतात ते पाहायचं. कोणाला दोन्ही, कोणाला नुसती केमो, हे कॉम्प्युटर ठरवायचा. वहिनीला दोन्ही मिळाली. तिथल्या तरुण डॉक्टरनं समोर बसवून समजावलं की हे औषध कधी कधी हृदयाला जड जातं. म्हणून बारीकसा त्रासही सांगायचा, लपवायचा नाही.

इथेच घोडं अडलं. आमच्याकडे कोणी विचारपूस केली तर ‘बरी आहे जी’ म्हणायचं, मग अंगात ताप का असेना. दर तीन आठवड्यांनी मीच तिला रेल्वेनं न्यायचो, कारण सुई पाहिली की दादालाच चक्कर यायची. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून कण्हायची आणि डॉक्टरसमोर हसून म्हणायची, ‘‘बेस वाटून राहिलं जी.’’

बाहेर आल्यावर मी चिडलो. ‘‘वहिनी, खोटं कायले बोलता?’’

‘‘तो पोरगा एवढा राबून राहिला, त्याले काऊन नाराज करू? आन् सांगतलं, आन् त्यानं दवाई बंद केली तं?’’

पुढच्या खेपेला मी माझं हत्यार काढलं. ‘‘काही त्रास?’’ डॉक्टरनं विचारलं. वहिनी ‘बेस’ म्हणणार तोच मी उठलो, गमछ्याचा पदर केला आणि वहिनी झालो. नसलेला जिना चढलो, छाती धरली, डोळे फिरवले आणि तपासणीच्या खाटेवर असा काही कोसळलो की नर्स पाणी आणायला धावली.

‘‘एवढं नाही, भाऊजी!’’ वहिनी कडाडली. ‘‘छाती कुठी धरून राहिली मी? दुसऱ्या जिन्यावर दम लागते. बसलं का होते बराबर. आन् झोपाले दोन उशा लागतेत, बस्स. नाटकी माणूस!’’

डॉक्टरचा पेन चालू लागला. त्याच दिवशी इको काढला. हृदय दमलं होतं. अँटिबॉडी काही काळ थांबवली, केमो चालू ठेवली, हृदय सावरल्यावर पुन्हा दोन्ही. परतताना तुमसर रोड येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड फिरवून बसली. मग डबा उघडून पोळी पुढे केली.

तो आमचा नेमच झाला. मी अतिरेक करायचो, ती दुरुस्त करायची, डॉक्टर लिहून घ्यायचा. आजार मागे हटला. दोन पावसाळे धानाची रोवणी तिनं बांधावर उभं राहून पाहिली, बायांना टोमणे मारत.

मग आजारानं वाट काढलीच... शेवटच्या खेपेला मी पुन्हा गमछा डोक्यावर घेतला. खरं तर मीही दमलो होतो. तरी कमरेत वाकलो, पाय ओढला, खुर्ची चाचपत बसलो, मान टाकली. आणि थांबलो. पंखा फिरत होता.

‘‘बराबर केलं, भाऊजी,’’ वहिनी हळूच म्हणाली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

परवा तिरोड्याला गेलो. ‘‘थकला का रे?’’ दादानं विचारलं. सवयीनं मी छाती धरली, धापा टाकल्या आणि वहिनीच्या खाटेवर कोसळलो. दादा घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी तसाच पडून राहिलो. उठायचं तर आधी कोणीतरी ‘एवढं नाही’ म्हणायला हवं होतं...