हात न लावता

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मला काय येतं आणि काय येत नाही हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. इंग्रजीच्या तासाला मी मागे, भिंतीच्या कडेला बसायची. मॅडमची नजर फिरू लागली की पुस्तकात मान घालायची.

अंधेरीचं कॉलेज होतं, ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. एकदा धड्यात ‘इल-ट्रीट’ हे क्रियापद आलं. मॅडमनी अर्थ सांगितला, निर्दयपणे वागवणे, हाल करणे. माणसाला लावता येतं, जनावरालाही लावता येतं. मग वाक्यं करायला सांगितली. एकीने घोड्याला चाबकाने मारणारा टांगेवाला आणला, एकाने कैद्याला बडवणारा शिपाई. प्रत्येक वाक्यात मार होता. मी कधी हात वर करत नसे. त्या दिवशी केला, कारण ताई तेव्हा माहेरी आलेली होती.

“मॅडम, मारलं नाही तरी चालतं का?”

वर्ग हसला. मागून एकजण म्हणाला, “चालतं ना! मारू नका, नुसतं इंग्लिश शिकवा.”

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “समज, एकाने कुत्रा पाळलाय. उन्हात साखळीने बांधलाय. पाण्याचं भांडं भरून ठेवलंय, पण साखळी तिथवर पोचत नाही. तो माणूस कुत्र्याला बोटही लावत नाही. मग तो काय करतोय?”

मॅडमनी फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं.

“हेच क्रियापद,” मॅडम म्हणाल्या. “त्याच्यात हात कुठेच नाही.”

मी ते वाक्य उतरवून घेतलं नाही. गरजच नव्हती.

ताईला घाटकोपरला दिलं होतं. मूल होत नव्हतं, म्हणून सासरच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. काम सांगायचं झालं की “ए” एवढंच. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं तिच्या ताटात. माठ सासूच्या खाटेजवळ; तहान लागली तर विचारून घ्यायचं, आणि सासू झोपली असेल तर ती उठेपर्यंत थांबायचं. नवरा वाईट नव्हता म्हणे. तो काही बोलतच नसे.

हे ताईने आपणहून सांगितलं नाही, आम्हाला असं कळलं की आमच्या जोगेश्वरीच्या खोलीत आल्यावर पहिल्याच दिवशी ती माठाजवळ उभी राहून आईला म्हणाली, “पाणी घेऊ?”

आईने पोळपाटावरून मान वर केली. “घरचा पाणी! इचारतंस कित्याक गो?”

ताई कसनुशी हसली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. मग आईने तिला समोर बसवलं आणि हळूहळू सगळं बाहेर आलं.

बाबा कामावरून आले. गिरणी बंद पडल्यापासून ते एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “हात लावल्यानी?”

“नाय,” ताई म्हणाली.

तो प्रश्न कुठून आला ते आम्हा तिघींना ठाऊक होतं.

आमच्यात अशा गोष्टी कोर्टात जात नसत. गावकीत जात. गावातून आलेले एकटे पुरुष जिथे पथारी टाकत, ती गावची खोली आमच्या चाळीच्या मागेच होती. रविवारी सकाळी तिथल्या पेट्या भिंतीला सरकवून बैठक बसायची. देवाच्या तसबिरीपुढे नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं, मगच बोलायचं. गाऱ्हाण्याचा मान बाबांकडे होता. ते एकेक मागणं मोठ्याने म्हणत आणि सगळे एका आवाजात “व्हय म्हाराजा!” म्हणत. देवापुढे ज्याला होकार दिला त्यावरून मागे फिरायचं नाही, अशी रीत. मुलगी परत सासरी जायची ठरली, तर तोच नारळ तिच्या ओटीत घालून तिला पाठवत.

मी शाळेत होते तेव्हा खालच्या चाळीतल्या काकूंची मुलगी अशीच मुलुंडहून आली होती. तिच्या सासरी स्वयंपाकघराला कुलूप असायचं. दिवसचे दिवस तिच्याशी कुणी बोलत नसे. बैठकीत बाबांनी तिला दारात बोलावून हेच विचारलं होतं, “हात लावल्यानी?” ती नाही म्हणाली. “मगे जा बाय. भांड्याक भांडा लागताच.” तिने पदर पुढे केला, नारळ घेतला आणि गेली. त्यानंतर मार नसेल तर छळ नाही, हा नियमच होऊन बसला. बाबांचा नियम.

आता स्वतःच्या लेकीसाठी ते तो कसा मोडणार?

मी घाबरत घाबरत त्यांना मॅडमचं ते क्रियापद सांगितलं. कुत्रा, साखळी, भांडं, सगळं.

आई भडकली. “माझ्या चेडवाक कुत्र्याची उपमा देतंस? ह्याच शिकवतत कॉलेजात?”

“आसू दे गो आये,” ताई म्हणाली. “कुत्र्याक निदान भुंकाक तरी येता.”

आई हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. बाबा उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा मला म्हणाले, “तुझ्या म्याडमान ता पुस्तकातला सांगितल्यान काय स्वतःच्या मनातला?”

“अर्थ पुस्तकातला. कुत्रा त्यांचा.”

“हुशार असा बाई,” ते म्हणाले. मग खाली बसत, “मुलुंडच्या त्या पोरीन पण कुलपाचा सांगितल्यान होता. माका आयकाक इला होता. पण माका कुलूप म्हणजे कुलूपच वाटला.”

रविवारी घाटकोपरची माणसंही आली. त्यांचं गाव आमच्या गावाला लागून, त्यामुळे अशा कामाला दोन्हीकडचे एकत्र बसत. बायकांना आत जागा नसे. ताई, आई आणि मी बाहेर गॅलरीत बसलो. खालच्या चाळीतल्या काकूही येऊन माझ्या शेजारी टेकल्या. दार उघडंच होतं.

बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा एका ठायी बसली आसत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाच्या तोंडातसून खोटा शब्द येव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मागे ह्याच जाग्यार बसान मी एका चेडवाक परत धाडलंय. मारूक नाय म्हणान धाडलंय. ता माझा चुकला रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे सवयीने म्हणाले.

“जेका घोटभर पाण्याक इचारूक लागता, तेचो छळ झालो असाच आमी समजतलव रे म्हाराजा!”

“व्हय म्हा...” काही आवाज मध्येच अडखळले. बाकीच्यांनी पुरं केलं.

मग एकच गलका उठला. घाटकोपरच्या बाजूने ताईचे चुलत सासरे उभे राहिले. “ह्या काय? बैठक बसाच्या आदीच निकाल? आमच्या बाजून कोणी हात तरी लावलो काय?”

आमच्याकडचे एक म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “देवापुढे व्हय म्हटलात ना? मगे आता नाय कसा म्हणतल्यात?”

“स्वतःच्या पोरीवर इला तेव्हा बरा सुचला!” चुलत सासरे बाबांकडे बोट करून ओरडले. “परक्याच्या पोरीच्या टायमाक खय गेली होती अक्कल?”

“खरा हा तुझा,” बाबा म्हणाले.

ताईने परत जायचं नाही, असं ठरलं. गॅलरीत तिने आईचा हात घट्ट धरला होता. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण शेजारी काकू बसल्या होत्या. त्या बाबांकडे दारातून बघत होत्या आणि हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, “माझ्या चेडवाक आता कोण हाडतला गो?”

कोण परत आणणार, हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, पण शेजारी मीच होते.

पुढच्या सुट्टीला बाबा मुलुंडला निघाले. मला बरोबर घेतलं. बैठकीतला नारळ ओटीत गेला नव्हता, तो त्यांनी पिशवीत टाकला. पवईवरून जाणारी बस पकडली. उतरताना म्हणाले, “माका शब्द सापडलो नाय तर तू बोल हां.”

दार तिनेच उघडलं. तिने बाबांकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाच्या शेंडीकडे.

“काका, परत नारळ? आता कुठे पाठवताय?”

“नाय बाय,” बाबा म्हणाले. “तुका नेवक इलंय.”

ती बाजूला झाली आणि आम्हाला आत घेतलं. आतल्या खाटेवर तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. दोन मुलं जमिनीवर अभ्यास करत होती. तिच्या कमरेला किल्ल्या होत्या. चहा झाला. बाबा कसंबसं बोलले, चूक झाली, गावकीने आता मानलं आहे, तुझं घर तिकडे आहे. मलाही काही बोलायचं होतं. ते क्रियापद सांगायचं होतं. पण त्या खोलीत ते सांगून तिला काय मिळणार होतं?

“तेव्हा एवढं म्हणाला असतात ना काका,” ती म्हणाली, “तर मी अनवाणी आले असते. आता पोरं ह्या घरची झाली.”

आतून सासूने पाणी मागितलं. ती लगेच उठली, पेला भरून घेऊन गेली, म्हातारीची मान उचलून पाणी पाजलं. परत आली आणि आमचे कप उचलले.

“नारळ मात्र घेऊन जा,” ती म्हणाली.

बाबांनी गाऱ्हाण्याचा मान त्या वर्षीच सोडला. दुसरे कुणी म्हणू लागले. तो नारळ आमच्या फळीवर राहिला. देवाचा म्हणून आई तो खोबऱ्याला फोडेना, आणि विसर्जन करा म्हटलं की बाबा “बघू” म्हणत. कधी कधी ते तो कानाशी धरून हलवायचे. सुरुवातीला आतलं पाणी डुबडुबायचं. मग एकदा त्यांनी हलवला, पुन्हा हलवला आणि फळीवर ठेवून दिला.