झाकणमास्तरांची भट्टी

झाकणमास्तरांना उघडी वस्तू बघवत नसे. चहाच्या पेल्यावरही ते बशी पालथी घालत आणि घोटापुरती उचलत. आमच्या राजापेठेत त्यांचं खरं आडनाव कोणी घेतच नसे. शाळेत चित्रकला शिकवून पेन्शनीत निघालेला हा एकटा माणूस. परसातल्या विटांच्या लहानशा भट्टीत वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी झिलईच्या बरण्या भाजायचा. बाकीचं वर्ष ती भट्टी झाकण्यात जायचं.

दिवेलागणीच्या आधी ते आत वाकून कुंच्याने झाडत, ओल्या फडक्याने पुसत. मग तोंडाला फळी, आत डोकावायच्या भोकात चिंधीचा बोळा, वरून सतरंजी आणि सतरंजीवर धुतलेलं धोतर.

मी बरण्यांचा व्यापारी. कौंडण्यपूरच्या जत्रेत डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, आज पेठेत स्वतःचं दुकान आहे. घासाघीस केल्याशिवाय मी नमस्कारही घेत नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत. माल उचलायला मास्तरांकडे जायचो, तेव्हा एकदा विचारलं, "मास्तर, भट्टी हाये का नवी नवरी? काहून इतकी झाकून राहिले?"

"नवरीला धूळ चालते, देवराव. भट्टीला नाही. आत पडेल ते झिलईत भाजलं जातं. मग ते सुटत नाही."

हे ते अनुभवाने बोलत होते. मानमोडीच्या तापात घरोघरची माणसं गेली, त्या दिवसांत नाल्यापलीकडे सरणं विझत नव्हती आणि वारा आमच्याकडे होता. मास्तरांची बायको गेली. त्याच आठवड्यात माझीही. भट्टी तेव्हा उघडीच पडली होती. पुढे मास्तरांनी ती न झाडता पेटवली आणि एक हिरवी बरणी निघाली, अंगभर राखाडी ठिपके असलेली.

ती बरणी वाजायची. भर दुपारी, कोणी हात न लावता, बांगडीला बांगडी लागावी तशी. झिलई तडकताना असा आवाज येतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. पण ते तडकणं काही दिवसांनी थांबतं. ही वर्षानुवर्षं वाजत राहिली. आणि ती वाजली की मास्तर असतील तिथून ओ देत.

मी ती मागितली. "वारा काय एकट्या तुमच्याच बायकोची राख आणून राहिला होता? याच्यात माही बी हाये. किंमत बोला."

"ज्याच्या भट्टीत पडली, त्याची."

"हा कुठचा कायदा, मास्तर?"

त्यांनी बरणीवर फडकं टाकलं. विकत नाही तर महिनाभर द्या म्हटलं, अमावास्येपुरती द्या म्हटलं. आयुष्यात एवढा एकच सौदा माझ्या हातून गेला आणि तो न्यायाचा नव्हता, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

मास्तरांची नजर गेली, तेव्हा अकोल्याचा भाचा त्यांना न्यायला आला. मी स्टेशनवर गेलो. डब्यात ते खिडकीशी बसले होते, मांडीवर बरणी, तिच्यावर उपरणं. मी म्हटलं, "एकडाव ऐकू द्या मले. मंग काई मांगत नाही."

आश्चर्य म्हणजे त्यांनी उपरणं काढलं. मी खिडकीतून कान लावला. बरणी थंड होती, गप्प होती. शिट्टी झाली तसा माझा पारा चढला. "वाजत काहून नाही? थे तुमालेच ओळखते काय?"

"हळू बोला, देवराव," मास्तर म्हणाले. "तुमचा आवाज चढला की ती अशीच गप्प व्हायची ना?"

माझ्या घरातली ही गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. कुणालाच नाही. विचारायला तोंड उघडलं, तोवर गाडी हलली.

मास्तर त्याच उन्हाळ्यात वारले. बरणीचं काय झालं, ते भाचा सांगत नाही. भट्टी मात्र ते मला देऊन गेले. 'रोज झाकायची,' एवढा एकच निरोप होता.

मी सतरंजी काढली. फळी काढली, बोळाही काढला. नाल्याकडून वारा सुटला की धूळ आत जाते. आता तळाला बोटभर साचली आहे. अजून मी भट्टी पेटवलेली नाही, घाई करणार नाही. परसात कुणी मोठ्याने बोललं, तर त्याला हाताने गप्प करतो. मीही तिथे हळूच बोलतो.