रुमालानं धरलेली जागा

नोकरी करणाऱ्यांसाठी भंडाऱ्यात दर रविवारी पदवीचा वर्ग भरायचा. आठवड्याचा अभ्यास त्या एका दिवसात उरकायचा असे. बाकावर माझ्या शेजारी बसणारा तो आणि मी एकाच कारखान्यातले. तो सुपरवायझर, मी ठेक्यावरचा कामगार. मी जवळच्या शहापूरहून येईपर्यंत तो एसटीत टाकतात तसा माझ्या जागेवर रुमाल टाकून ठेवायचा. बोलताना वाक्य आधी आपल्या बोलीत म्हणायचा, मग पुस्तकी मराठीत दुरुस्त करायचा.

'संस्थेतील संवाद' या विषयाच्या तासाला मॅडमनी एक प्रसंग करून दाखवायला सांगितला. कामगाराला कामावरून कमी केल्याचं कळवायचं. कामगार मी झालो. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, नाव घेऊन कारण सांगितलं आणि मी बोलेपर्यंत थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले.

महिन्याभरानं कारखान्याच्या सायकल स्टँडवर कामावरून कमी केलेल्यांची यादी लागली. तिसरं नाव माझं, खाली सही त्याची. दिवसभर तो केबिनबाहेर आला नाही.

रविवारी बाकावर रुमाल होताच.

"मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुले तोंड दाखवाची हिंमतच नाही झाली, भाऊ," तो म्हणाला. मग सवयीनं दुरुस्त केलं, "म्हणजे, लेखी कळवण्याचेच आदेश होते."

मी रुमाल त्याच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पुढच्या रविवारी त्यानं तो दुसऱ्या कुणासाठी तरी टाकला होता.